घरात अन्य सज्ञान व्यक्ती

सोमवार, ९ जानेवारी

बालकल्याण कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, "कधी आलात, कोण काय बोललं, सगळं तारीखवार लिहून ठेवा. उद्या कोणी विचारलं तर तोंडी काही चालत नाही." म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून पानभर काही लिहिलेलं नाही. अक्षर बघून माझंच मला हसू आलं.

आज अर्ज आणला. आई नोकरी करत असेल आणि मूल सांभाळायला घरात कोणी नसेल, तर पाळणाघराची बरीचशी फी सरकार भरतं. आमची ठिपकी लवकरच तीन वर्षांची होईल. आत्तापर्यंत खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी तिला सांभाळत आल्या. आता त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे, फेब्रुवारी संपला की त्या तिच्याकडे जाणार. "तुझी पोर मला जड नाही गं," म्हणाल्या, "पण मला दोनच हात." मी म्हटलं, अहो, जायलाच हवं तुम्ही. म्हटलं खरं, पण जिना चढताना फेब्रुवारी संपायला किती आठवडे उरले ते मोजत होते.

घरात नवरा आहे. हे लिहायलाच हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. तो बसवर कंडक्टर होता. बसमध्ये कार्डाची मशीनं बसली आणि मागच्या वर्षी कंडक्टर कमी केले. बोलका माणूस, अर्ध्या गावाशी ओळख. आता दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. नोव्हेंबरात एकदा मी कामावरून आले तर घरभर गॅसचा वास. शेगडीवर चहाचं भांडं, खालची ज्योत विझलेली, बटण तसंच उघडं. ठिपकी जमिनीवर डबे रचत बसलेली, आणि हा खुर्चीत. "चहा ठेवला होता," म्हणाला. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ठिपकी पुन्हा मावशींकडे.

गुरुवार, १२ जानेवारी

दुकानात मधल्या सुट्टीत अर्ज भरला. मी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा तासून फ्रेममध्ये बसवते. तिथे उजेड चांगला आहे. नाव, पत्ता, पगार, सगळं सुरळीत गेलं आणि शेवटच्या पानावर अडले. "घरात बालकाची काळजी घेऊ शकेल अशी अन्य सज्ञान व्यक्ती आहे काय? होय / नाही."

घरी येऊन त्यालाच विचारलं. "इथे काय लिहू?"

त्याने कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. "तुला काय वाटतं ते लिही."

"मला काय वाटायचंय? तू आहेस की नाहीस?"

"आहे ना," म्हणाला. मग म्हणाला, "आहे म्हणजे, बसलेला आहे."

खोटं कशाला लिहा म्हणून मी "होय"वर खूण केली. खाली जागा होती तिथे लिहिलं, "पण त्यांचं लक्ष राहत नाही."

बुधवार, १८ जानेवारी

अर्ज परत. दुकानातून तासाभराची सवड मागून गेले होते. खिडकीतल्या बाई स्वभावाने वाईट नाहीत. त्यांच्या चष्म्याची एक दांडी सैल होती, मी म्हटलं द्या इकडे, नखाने स्क्रू बसवून दिला. मग जरा मोकळ्या झाल्या.

"असं बघा," म्हणाल्या, "लक्ष राहत नाही असा रकानाच नाही. एक तर त्यांना नोकरी हवी, म्हणजे दोघं बाहेर. नाहीतर ते आजारी आहेत, सांभाळू शकत नाहीत, असा सरकारी डॉक्टरचा दाखला हवा."

"आजारी नाहीत हो ते. चांगले धडधाकट आहेत."

"मग तिसरं म्हणजे..." त्यांनी मागे वळून पाहिलं. "ते त्या घरात राहतच नसले, तर प्रश्नच मिटला. एकट्या बाईचा अर्ज आठवड्यात निघतो. मी काही बोलले नाही, बरं का."

परतताना वाटलं, सरळ चालणाऱ्या माणसाला एकही दार उघडं ठेवलेलं नाही यांनी.

रविवार, २२ जानेवारी

ताई आल्या होत्या. म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. त्या रुग्णालयाच्या कँटीनमध्ये दुपारपाळी करतात. आल्या आल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बातमी दिली. दुसऱ्या डेपोत तिकीट तपासनिसाची जागा निघणार आहे, त्यांच्या ओळखीचे एकजण शब्द टाकायला तयार आहेत. मला तर हायसं वाटलं. नोकरी लागली की अर्जाचंही काम झालं.

"फक्त तंदुरुस्तीची तपासणी असते," ताई म्हणाल्या. "ती काय, हा जाता येता पास होईल."

मी सहज डॉक्टरच्या दाखल्याचं बोलले, तर त्या उसळल्याच. "माझ्या भावाला काय वेडा ठरवायला निघालीस? असला कागद एकदा नावाला चिकटला की कोण उभं करतंय त्याला बसवर? थोडा दम धर. माणसाची नोकरी गेलीय, हात नाही मोडला."

तो आमच्या दोघींमध्ये बसला होता. ताईंनी विचारलं, "काय रे, करशील ना अर्ज?" तर "करतो" म्हणाला. ठिपकी त्याच्या मांडीवर चढत होती, घसरत होती, परत चढत होती. त्याने हात लावून तिला वर घेतलं नाही. माझं डोकंच फिरलं, पण ताईंसमोर काय बोलणार.

शुक्रवार, २७ जानेवारी

आज मालकांची बोलणी खाल्ली. एका आजोबांच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. आजोबा दारातच अडखळले. मालक चांगले आहेत, स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधतात, पण कामात चूक चालत नाही. "लक्ष कुठे असतं हल्ली?" मी हसून वेळ मारून नेली.

लक्ष कुठे असतं ते इथे लिहिते. आठवडाभर तो सकाळी कंडक्टरची जुनी खाकी पँट घालून बाहेर पडतोय. मला वाटलं, तपासनिसाच्या जागेसाठी खटपट करतोय. काल मावशी म्हणाल्या, "अगं, तो वळणावरच्या स्टॉपवर बसलेला असतो. बसा येतात जातात, हा बसलेला." संध्याकाळी मी त्याच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतला. दारूबिरू काही नाही. मग काय आहे? तपासनिसाच्या अर्जाचा कागद तसाच पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही.

आळस. दुसरं नाव नाही याला. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मोडून काचा तासते आणि हा बसा मोजतो. "झोप लागत नाही" म्हणतो. दिवसभर बसून राहिल्यावर कशी लागेल? मी फार कठोर लिहितेय का? असेन. वहीत तरी लिहू दे.

शनिवार, ४ फेब्रुवारी

तपासनिसाच्या अर्जाची मुदत काल संपली. त्याने दिलाच नाही. "विसरलो" म्हणाला.

मी आज मनातलं बोलून टाकलं. ठिपकीला आंघोळ घालत होते, तो दारात टॉवेल घेऊन उभा होता. म्हटलं, "एक मार्ग आहे. कागदावर फक्त तू ताईंकडे राहायला गेलास असं दाखवायचं. खरं जायचं नाही. खिडकीतल्या बाईच म्हणाल्या."

"म्हणजे मी इथे नाही."

"कागदावर रे. तू नसतास तर माझा अर्ज आठवड्यात मंजूर झाला असता." मी हसले. तोही जरा हसला असं मला वाटलं.

"ठिपकीला जागा मिळेल?"

"मिळेल. वळणापलीकडच्या पाळणाघरात एक जागा आहे, मी विचारून आलेय. खेळायला अंगण आहे, दुपारी जेवण देतात."

"मग बरोबर आहे तुझं," म्हणाला आणि टॉवेल पुढे केला. वाद नाही, रुसवा नाही. मी उगाच इतके दिवस घाबरले.

शनिवार, ११ फेब्रुवारी

काय झालं कोण जाणे, पण गाडी रुळावर आली! मंगळवारी उठल्या उठल्या दाढी केली. मग कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. त्या किती महिने कुरकुरत होत्या. घराचे, विम्याचे, विजेचे सगळे कागद एका फाईलमध्ये लावले. मला शेजारी बसवून कुठलं काय ते समजावलं. "हे कधी लागलं तर शोधत बसू नकोस," म्हणाला. काल बँकेत नेऊन त्याच्या खात्याला माझंही नाव जोडलं. मी म्हटलं, "अरे, एवढी काय घाई?" तर "करायचं राहिलंच होतं," म्हणाला.

आवाज शांत आहे. चिडचिड नाही. ठिपकीला जवळ घेऊन तिच्या केसांचा वास घेत बसतो. ताईंना फोन करून सांगितलं, त्यासुद्धा म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"

कितीतरी दिवसांनी मला बरं वाटतंय. ताईंच्या पत्त्याचा कागद मात्र अजून केला नाही. बहुतेक लागणारच नाही.

बुधवार, १५ फेब्रुवारी

मावशींची आवराआवर चालू आहे. आज हसत हसत म्हणाल्या, "तुझा नवरा खुळा आहे गं. ठिपकीसाठी चार फ्रॉक शिवायला टाकून गेला. एक चौथ्या वर्षाचा, एक पाचव्याचा, एक सहाव्याचा, एक शाळेत जाईल तेव्हाचा. मी म्हटलं, पोर कशी वाढेल, जाड होईल का लुकडी, मला आत्ता काय माहीत? तर म्हणतो, थोडं सैल ठेवा. पैसेही आधीच दिले."

मी पण हसले. बाप म्हणजे बाप. निळ्या ठिपक्यांचं कापड आणलंय. कापड निवडायला इतका वेळ दुकानात उभा होता म्हणे.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज जमेल तसं लिहिते.

काल सकाळी दुकानात एक बाई मुलाला घेऊन आल्या. लांब राहतात, परत परत येणं जमत नाही, तर पुढच्या वर्षाचा चष्माही आत्ताच करून द्या म्हणत होत्या. मालक म्हणाले, "अहो, मुलाचं पुढचं आत्ताच कसं करून ठेवणार? तुम्ही आहात ना आणायला?"

माझ्या हातात काच होती. ती खाली ठेवली. चार फ्रॉक. फाईल. बँक. बिजागऱ्या. "हे कधी लागलं तर." सगळं एका क्षणात समोर येऊन उभं राहिलं. त्याला फोन लावला तर वाजत राहिला. मालकांना काय सांगितलं ते आठवत नाही. घरापर्यंत धावले.

मावशींकडे ठिपकी होती. आमच्या घराला कुलूप नव्हतं, दार नुसतं ओढलेलं. टेबलावर त्याचा फोन, पाकीट आणि घराची किल्ली, एका ओळीत नीट मांडलेली. मी ती किल्ली हातात घेतली आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला त्याने मावशी वर धावत आल्या. "स्टॉपवर बघ आधी," त्या म्हणाल्या. "पोरीला मी बघते. जा!"

स्टॉपवर नव्हता. तिथून बस धरून शेवटच्या थांब्यावर गेले. तिथे ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यातले एक त्याचे जुने जोडीदार, त्यांनी मला ओळखलं. "वहिनी, बरं झालं आलात. माझ्याच गाडीत आहे तो. पहिल्या फेरीपासून बसलाय. कुठे उतरायचंय विचारलं तर ठरलं की सांगतो म्हणाला. मला काही ते बरं वाटेना, म्हणून मी सारखा मागे बघत होतो."

रिकामी बस होती. तो मागच्या बाकावर खिडकीशी. मी जाऊन शेजारी बसले. धाप लागली होती.

"दुकान?" त्याने विचारलं.

"सोडून आले. किल्ली विसरलास."

"विसरलो नाही."

बस सुटली. माणसं चढली, उतरली. मी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. मग विचारलं, "असं का रे?"

तो खिडकीकडे बघत बोलला. "तू म्हणालीस ना, मी नसतो तर आठवड्यात झालं असतं."

"कागदावर म्हटलं होतं मी."

"हो, मला कळलं होतं. पण ऐकून बरं वाटलं. म्हटलं, चला, आपला काहीतरी उपयोग आहे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काही करावंसं वाटलं मला."

मला रडूसुद्धा आलं नाही. बसच्या पुढच्या दांड्याकडे बघत राहिले. मी हसून बोलले होते ते. टॉवेल त्याच्या हातात होता आणि मी हसले होते.

"मला सगळं लांबून ऐकू येतं," तो म्हणाला. "ठिपकी हाक मारते ना, तीही. कुणीतरी दुसऱ्याच्या घरात हाक मारतंय असं वाटतं. मी उठू म्हणतो आणि उठत नाही. तो गॅस... मला वास येत होता गं."

हे मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. आळस म्हटलं होतं मी त्याला, मागच्याच पानांवर. खोडणार नाही.

ड्रायव्हरभाऊंनी रुग्णालयाच्या फाटकासमोर बस थांबवली. तिथे स्टॉप नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा लहान. त्याला सरळ विचारलं, "जीव संपवावा असं मनात येतं का?" मी दचकले. असं कोणी विचारतं का? पण तो "हो" म्हणाला, आणि म्हणताना त्याचे खांदे खाली आले. ओझं खाली ठेवल्यावर येतात तसे. हा आजार आहे आणि याला उपचार आहेत, असं त्या दोनदा म्हणाल्या, एकदा त्याला आणि एकदा मला. औषधं सुरू केली. दर आठवड्याला बोलावलंय.

मग म्हणाल्या, "सध्या यांना एकटं ठेवू नका."

म्हणजे आता मुलीला एकटं सोडता येत नाही, नवऱ्याला एकटं सोडता येत नाही, आणि घरात पगार फक्त माझा. मी मान डोलावली. दुसरं काय करणार.

दाखला मागितला. त्यांनी लिहिलं, "सध्या बालकाची एकट्याने काळजी घेण्यास असमर्थ." मी तो कागद लपवायला बघत होते. त्यानेच मागून घेतला आणि वाचला. "एकट्याने हा शब्द बरा घातलाय," म्हणाला.

संध्याकाळी ताई आल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःच सांगितलं, भावाने बहिणीला सांगावं तसं, हळू. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. आरडाओरडा नाही केला. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी उद्यापासून सकाळी येते. दुपारी माझी पाळी लागेपर्यंत थांबेन."

गुरुवार, २ मार्च

मावशी गेल्या. ठिपकीने जिन्यात भोकाड पसरलं.

पाळणाघराच्या बाईंनी उधारीवर घेतलं आहे, अर्ज मंजूर झाला की फी द्या म्हणाल्या. नाही झाला तर काय, ते त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही. दुकानात मालकांना सगळं सांगून टाकलं. ते कपाळावरचा चष्मा शोधत राहिले आणि म्हणाले, दुपारनंतरचं काम घरी ने. फ्रेमचे स्क्रू, दांड्या, असलं. काचा नाहीत नेता येणार. म्हणजे पगार कमी. पण दुपारनंतर मी घरी.

आज नव्याने अर्ज दिला, दाखल्यासकट. खिडकीतल्या बाईंनी दाखला वाचला आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंच नाही. मग अगदी सरकारी आवाजात विचारलं, "मग दिवसा त्यांच्याजवळ कोण असतं?"

"त्यांची बहीण येते."

पेन थांबलं. "सज्ञान आहेत?"

पन्नाशी उलटलेल्या ताई डोळ्यांसमोर आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू फुटलं आणि ते आवरेना. बाईसुद्धा ओठ चावू लागल्या. "त्या घरात राहत नाहीत ना? मग त्या पाहुण्या," म्हणाल्या. "पाहुण्यांचा रकाना नाही." घरी सांगितलं तर ताई म्हणाल्या, "पाहुणी म्हणतेस तर चहा तरी आयता दे."

शुक्रवार, २४ मार्च

आज तो हसला. ठिपकी पाळणाघरातून नवीन शब्द शिकून आली आहे, प्रत्येक गोष्टीला "अजिबात नाही" म्हणते. दूध पी. अजिबात नाही. बाबाला पापी दे. अजिबात नाही, आणि लगेच दिली. तो हसला, आवाज करून.

मला आनंद झाला. आणि त्याच्या पाठोपाठ काय आलं तेही लिहिते. बुधवारी घरी पाहणी आहे. मनात आलं, बुधवारी असा हसला तर? बरा दिसला तर? मग भाजी चिरत बसले. नवरा हसला म्हणून घाबरणारी बायको झाले मी.

गुरुवार, ३० मार्च

काल पाहणीवाले गृहस्थ आले. मी दुकानातून रजा घेतली होती. त्यांनी दारात बूट काढले, मोजा अंगठ्यापाशी फाटला होता म्हणून पाय आखडून बसले. माणूस साधा वाटला. खोल्या बघितल्या, औषधं बघितली, त्याच्याशी दोन शब्द बोलले. तो नीट उत्तरं देत होता, फक्त सावकाश.

ठिपकी मध्येच येऊन उभी राहिली. दोन शेंड्या घातलेल्या, एक कानाच्या वर, एक मानेपाशी, रबर भलत्याच रंगांचे. गृहस्थ हसून म्हणाले, "अरे वा, कोणी घातल्या शेंड्या?"

त्यानेच घातल्या होत्या. सकाळी माझी धांदल चाललेली बघून स्वतःहून फणी घेतली. केस ओढले गेले की थांबायचा, परत धरायचा, कपाळावर घाम आला होता. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि बघतेय असं दाखवत नव्हते.

मी म्हटलं, "मी घातल्या."

"अजिबात नाही!" ठिपकी म्हणाली. "बाबाने!"

गृहस्थांनी मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं, आणि बघायला नको होतं असं झालं. तो रागावला नव्हता. हातातून कोणी काही काढून घेतल्यावर माणूस रिकाम्या हाताकडे बघतो, तसा बघत होता. इतक्या दिवसांनी त्याने एक गोष्ट केली आणि मी ती माझ्या नावावर लावली.

"मीच घातल्या," तो गृहस्थांना म्हणाला. "आज जमलं. परवा प्रयत्न केला तेव्हा नव्हतं जमलं, अर्ध्यात उठून गेलो. उद्याचं सांगता येत नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, पण हिला खोटं ठरवू नका. ती घाबरलीय."

गृहस्थांनी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते दाखवायची पद्धत नाही म्हणाले. निघताना बूट घालता घालता ठिपकीला म्हणाले, "छान झाल्यात हां."

आज सकाळी मी फणी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "नको, आज तूच घाल." मी म्हटलं, अजिबात नाही. तासभर गेला त्यात, मी कामावर उशिरा पोहोचले. पाळणाघराच्या दारात बाईंनी शेंड्यांकडे बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "बाबाने घातल्यात." मुलांना सोडायला आलेल्या पाच-सहा आया उभ्या होत्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मंगळवार, १८ एप्रिल

पत्र आलं. मंजूर. पण तीन महिन्यांसाठी. त्यानंतर पुन्हा डॉक्टरचा दाखला, पुन्हा पाहणी. दुसरी सज्ञान व्यक्ती बालकाची काळजी घेण्यास समर्थ आढळल्यास मदत त्या दिवसापासून बंद.

सकाळची गडबड होती. ताई अजून यायच्या होत्या. त्याने पत्र मोठ्याने वाचलं, मग घडी घालून टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मी बरा झालो तर?"

"तर बंद."

"आणि बरा झालोय पण नोकरी नाही, तर?"

"तरी बंद. तू घरी आहेस ना मग."

"आणि बरा नाही झालो तर चालू."

"चालू."

तो विचार करत राहिला. पूर्वी हिशेब जमत नसला की असाच खालचा ओठ दाबून उभा राहायचा. "म्हणजे काही झालं तरी पंचाईतच."

"पंचाईतच," मी म्हटलं.

त्याने ठिपकीला उचलून कडेवर घेतलं. ती आता चांगली वजनदार झाली आहे, त्याचा तोल जरा गेला, मी हात पुढे केला, पण तो सावरला.

"मग बरा होतो मी," म्हणाला. "पंचाईत तर पंचाईत."

मी ठिपकीचे जादा कपडे पिशवीत भरत राहिले. उशीर होत होता, आणि पाळणाघराच्या बाई उशीर चालवून घेत नाहीत.